विश्लेषण : सारे काही मोबाइलवर मिळणाऱ्या चीनमध्ये टेक कंपन्या दुकाने का थाटतात?

भाजीपासून मोटारीपर्यंत सारे काही मोबाइलवरून मागवणारा देश म्हणून चीन ओळखला जातो. तेथील किरकोळ विक्रीपैकी सुमारे चौथा हिस्सा ऑनलाइन होतो. तरीही अ‍ॅपल, हुआवे, शाओमी या कंपन्या शांघाय, बीजिंग, शेन्झेनच्या महागड्या रस्त्यांवर प्रशस्त दुकाने उघडतात. त्यांना यातून काय मिळते?

ऑनलाइन विक्री अपुरी का पडली?

याचे उत्तर शाओमीच्या अनुभवात आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने दुकानांचा खर्च टाळून संकेतस्थळावरून स्वस्त फोन विकले आणि काही वर्षांतच चीनमध्ये पहिला क्रमांक गाठला. पण २०१६ मध्ये तिची विक्री घसरली. लहान शहरांत हजारो दुकानांतून फोन विकणाऱ्या ओप्पो आणि विवो पुढे निघून गेल्या. ग्राहकाला फोन हाताळून पाहायचा होता, हे संस्थापक लेई जुन यांच्या लक्षात आले. त्यानंतर कंपनीने स्वतःची दुकाने झपाट्याने वाढवली. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांची संख्या दहा हजारांवर गेली.

दुकानात पाहून ऑनलाइन घेतले तर?

अनेक ब्रँड विकणाऱ्या दुकानदाराचे त्यात नुकसान होते. कंपनीच्या स्वतःच्या दुकानाचे तसे नाही. वस्तू दुकानातून घेतली काय किंवा घरी जाऊन मागवली काय, विक्री कंपनीचीच होते. त्यामुळे अशा दुकानाचा हिशेब केवळ गल्ल्यावर होत नाही. भाडे हा एक प्रकारे जाहिरातीचाच खर्च असतो. शिवाय फोन घ्यायला आलेला ग्राहक घड्याळ, टीव्ही पाहतो आणि आता मोटारीतही बसून बघतो. शाओमीची मोटार मार्च २०२४ मध्ये बाजारात आली, तर हुआवेच्या दुकानांत भागीदार कंपन्यांच्या मोटारी मांडलेल्या असतात.

विश्वासाचा मुद्दा किती महत्त्वाचा?

अ‍ॅपलने चीनमधील पहिले दुकान जुलै २००८ मध्ये, ऑलिम्पिकच्या तोंडावर, बीजिंगच्या सानलितुन भागात उघडले. २०११ च्या जुलैपर्यंत मुख्य भूमीवर तिची चारच दुकाने होती. त्याच सुमारास कुनमिंग शहरात हुबेहूब अ‍ॅपलसारखी सजवलेली बनावट दुकाने उघडकीस आली. प्रशासनाच्या तपासणीत शहरात अशी २२ दुकाने आढळली. अस्सल माल, खात्रीची दुरुस्ती आणि तक्रार ऐकणारा माणूस एकाच जागी मिळावा, ही गरज त्यातून दिसली. महागड्या वस्तूबाबत ती आजही कायम आहे.

मोठी शहरेच का?

एकट्या शांघायची लोकसंख्या सुमारे अडीच कोटी आहे. क्रयशक्ती असलेला ग्राहक, मेट्रोने जोडलेले मॉल आणि देशभरातून येणारे पर्यटक तेथे एकत्र मिळतात. नामांकित ब्रँडची पहिली दुकाने आपल्याकडे यावीत, यासाठी शांघायचे प्रशासनही प्रोत्साहन देते.

यामागे राजकारण आहे का?

काही प्रमाणात आहे. मे २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादल्यानंतर हुआवेच्या नव्या फोनना गुगलच्या सेवा मिळेनाशा झाल्या. परदेशातील विक्रीला फटका बसला आणि मायदेशातील ग्राहक अधिक मोलाचा ठरला. जून २०२० मध्ये तिने शांघायच्या नानजिंग रस्त्यावर, अ‍ॅपलच्या दुकानासमोरच, सुमारे पाच हजार चौरस मीटरचे भव्य दालन उघडले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेट ६०’ फोनद्वारे हुआवेने पुनरागमन केले. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये अ‍ॅपलने शांघायमध्येच जिंगआन येथे नवे मोठे दुकान सुरू केले. उद्घाटनाला टिम कुक स्वतः हजर होते. चीन सोडून जाणार नसल्याचा संदेशच त्यातून गेला.

दुकान थाटले म्हणजे यश नक्की?

तसे नाही. दालियान शहरातील एका मॉलमधून इतर दुकाने निघून गेल्यावर अ‍ॅपलनेही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील दुकान बंद केले. चीनमध्ये कंपनीने दुकान बंद करण्याची ही पहिलीच वेळ. त्याच शहरातील तिचे दुसरे दुकान मात्र सुरू राहिले. वर्दळ आटली की जाहिरात म्हणून भरलेले भाडे तोट्यात जमा होते. त्यामुळे दुकाने किती, यापेक्षा ती कोठे, हा प्रश्न कळीचा ठरतो. भारतातही अ‍ॅपलने एप्रिल २०२३ मध्ये पहिल्या दुकानासाठी मुंबईचे वांद्रे-कुर्ला संकुल निवडले, त्यामागे हेच गणित दिसते.