विहिरीचे माप आणि संकेतस्थळ

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमची नात पुण्याहून गावी आली, ती शाळेचा एक प्रकल्प बरोबर घेऊनच. ‘आपल्या गावचे पाणी’ या विषयावर नववीच्या विद्यार्थ्यांनी संकेतस्थळ तयार करावयाचे होते. रात्रीची जेवणे आटोपल्यावर तिने आपले काम मोबाईलवर मला दाखविले. निळ्या लाटांची पार्श्वभूमी, बोट लावताच उमलणारी चित्रे, एक प्रश्नमंजूषा आणि बरोबर उत्तर देणाऱ्यावर होणारी पुष्पवृष्टी! कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने हे सारे पाऊण तासात सिद्ध झाले, असे ती उत्साहाने सांगत होती. मलाही कौतुक वाटले; नाही कशाला म्हणू? पहिल्याच पानावर काळ्या दगडात बांधलेली, पायऱ्यांची एक देखणी विहीर होती. मी विचारले, “बाळ, ही विहीर आपल्या गावात कोठे आहे?”

ती क्षणभर थांबली. “आबा, ही कुठेच नाही. हे चित्र यंत्राने काढलंय.”

तिच्यावर रागावण्याचे कारण नव्हते. शाळेने संकेतस्थळ मागितले होते आणि तिने ते केले होते. परंतु विद्यार्थ्याने संकेतस्थळ रचावे ते कशासाठी, या प्रश्नाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही. कारण या वाटेने मी स्वतः एकदा चाललो होतो आणि त्या वाटेवर माझ्या हातून काही हरवलेही होते.

संगणकाचे महाजाल नवे असतानाच काही दूरदर्शी मंडळींना या साधनाची शैक्षणिक शक्ती जाणवली होती. अमेरिकेत १९९६ साली ‘थिंकक्वेस्ट’ नावाची स्पर्धा सुरू झाली. तिची कल्पना साधी, पण विलक्षण होती. शाळकरी मुलांनी दोघा-तिघांचा गट करावा, शक्य तर निरनिराळ्या गावांतील, निरनिराळ्या देशांतील मुलांनी एकत्र यावे, एखाद्या मोठ्या माणसाचे मार्गदर्शन घ्यावे आणि इतर मुलांना शिकता येईल असे संकेतस्थळ स्वतः घडवावे. लिहिणारे विद्यार्थी आणि वाचणारेही विद्यार्थीच. आपल्याला समजले की नाही, हे दुसऱ्याला समजावून सांगताना जेवढे कळते तेवढे परीक्षेत कळत नाही, हा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे; या स्पर्धेने त्यालाच नव्या तंत्राची जोड दिली. जगभरच्या मुलांनी रचलेली अशी हजारो संकेतस्थळे एका मुक्त ग्रंथालयात साठत गेली. पुढे २००२ साली ‘ओरॅकल एज्युकेशन फाउंडेशन’ने हा उपक्रम आपल्याकडे घेतला.

त्या ग्रंथालयातील काही पाने आमच्या शाळेच्या एकुलत्या एका संगणकावर पाहूनच, २००५ साली, आठवीच्या मुलांसह मी तसा प्रयत्न करावयाचे ठरविले. विषय होता गावच्या विहिरी. मुलांनी दोरीला दगड बांधून तीन विहिरींत काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर दर पंधरवड्याला, वर्षभर मोजले. नोंदवहीत आकडे भरत गेले आणि मग प्रश्न उभा राहिला की हे आकडे दाखवायचे कसे? नुसता तक्ता कोण वाचणार? वर्गातील एका अबोल मुलाने तोडगा सुचविला. “सर, आधी त्यांनाच विचारू या ना, पाणी सगळ्यांत खाली कधी जातं?”

संकेतस्थळ ‘परस्परसंवादी’ असावे असे आज उठता-बसता ऐकू येते. त्याचा अर्थ मला त्या मुलाने शिकविला. वाचणारा प्रथम अंदाज करतो, महिन्यावर बोट ठेवतो. मग विहिरीचे चित्र उघडते आणि पाणी मोजलेल्या मापापर्यंत उतरते. गावातील जाणत्या शेतकऱ्यांसह बहुतेकांनी मे महिना निवडला. आमच्या मापांत मात्र पाणी सर्वांत खाली गेले होते जूनच्या अखेरीस, मृगाचे दोन पाऊस होऊन गेल्यानंतर! तापलेली, भेगाळलेली जमीन पहिले पाणी स्वतःच पिऊन टाकते. तिची तहान भागल्यावाचून ते मुरमातून आणि खडकाच्या फटींतून खाली झिरपत नाही, आणि दरम्यान उपसा तर चालूच असतो. हे वाक्य पुस्तकात वाचून कोणी विसरेल. पण स्वतःचा अंदाज चुकलेला पाहिल्यावर विसरत नाही. तेथे पुष्पवृष्टीची गरज पडली नाही.

त्या संकेतस्थळाचा दुसरा भाग मला अधिक प्रिय होता. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, नालाबांधावर माती वाहिली, सुकडी आणि मिलो ज्वारी खाऊन दिवस काढले, अशा अकरा वृद्धांचे बोलणे मुलांनी ध्वनिमुद्रित केले होते. एका आजींनी तर सांगताना मध्येच गाणे धरले होते.

आणि आता माझी चूक सांगतो. विहिरीचे हलते चित्र आम्ही ‘फ्लॅश’ या तेव्हाच्या नव्या तंत्रात केले. नवे म्हणून त्याचे मोठे आकर्षण होते. मजकूर टंकलिखित केला तो त्या काळी प्रचलित असलेल्या एका खासगी मराठी टंकात. अशा टंकांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत; तो टंक ज्याच्या संगणकावर नाही त्याला मराठीऐवजी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरीची सोय त्यापूर्वीच झालेली होती, पण आम्हांला ते कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. पुढे माझी बदली झाली. संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरण्याचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही आणि एके दिवशी ते नाव महाजालावरून पुसले गेले. ते टिकले असते तरी फ्लॅशचा आधार २०२० च्या डिसेंबरात काढून घेण्यात आला, तेव्हा विहिरीतील पाणी हलायचे थांबलेच असते. खुद्द थिंकक्वेस्टचे ग्रंथालयही २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाले.

या बाबतीत आम्ही एकटे नव्हतो, एवढेच काय ते समाधान. इंग्लंडमधील ‘डूम्सडे बुक’ या १०८६ च्या जमीन-पाहणी ग्रंथाला नऊशे वर्षे झाली, तेव्हा बीबीसीने १९८६ साली त्याची नवी आवृत्ती काढली. चार किलोमीटर लांब आणि तीन किलोमीटर रुंद अशा चौकोनांत देश विभागून, शाळाशाळांतील मुलांकडून आपापल्या परिसराची माहिती लिहून घेतली. दहा लाखांहून अधिक लोकांचा हात त्याला लागला. हे धन ठेवले होते त्या काळच्या अद्ययावत लेसर तबकड्यांवर. अवघ्या पंधरा-सोळा वर्षांत त्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली आणि ती माहिती सोडविण्यासाठी लीड्स व मिशिगन विद्यापीठांतील संशोधकांना खटपट करावी लागली. २०११ साली मुलांचा तो मजकूर पुन्हा लोकांसमोर आला. मूळ चर्मपत्रावरील ग्रंथ मात्र साडेनऊशे वर्षांच्या घरात पोहोचूनही वाचता येतो.

वाचकहो, हे सारे दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला सांगितले. वाटले, कंटाळेल. तिने एवढेच विचारले, “त्या आजींचा आवाज कुठेच नाही?”

मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. तो, विहिरीचा प्रश्न सुचविणारा अबोल मुलगा, आता पुण्यात अभियंता आहे. त्याच्या आईने माळ्यावरच्या पेटीत त्याच्या शाळेच्या वस्तू जपून ठेवल्या होत्या. त्यांत एक सीडी निघाली. तिच्यावर ओरखडे होते. अकरांपैकी चारच आवाज वाचले. मजकूर त्याने युनिकोडमध्ये पालटून पाठविला. गाणे म्हणणाऱ्या आजी त्या चौघांत होत्या. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. त्यांच्या सुनेला ऐकविले तेव्हा ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. हे संकेतस्थळावर ठेवू का, असे नातीने तिला रीतसर विचारले. २००५ साली आम्ही असे कोणालाही विचारले नव्हते.

त्यानंतरचे चार दिवस आमच्या घरात दोरी, दगड आणि नोंदवही यांचे राज्य होते. तिने यंत्राला सोडले नाही, आणि मीही सोड म्हणालो नाही. विहिरीतील पाणी वर-खाली करणारी आज्ञावली तिने त्याच्याकडूनच लिहून घेतली, पण आकडे आपल्या वहीतील घातले; एका जागी त्याने न विचारता स्वतःच भरलेला आकडा तिने पकडला, तेव्हा तिला झालेला आनंद पाहण्यासारखा होता. लाटा गेल्या. गावात बहुतेकांकडे साधे मोबाईल आणि जेमतेम जोडणी असते, म्हणून पान हलके ठेवले. प्रत्येक छायाचित्राखाली शब्दांत वर्णन लिहिले. तिच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगी आहे आणि तिचा मोबाईल ते वाचून दाखवितो, ही माहिती मला नवीन होती. साऱ्या मजकुराची एक छापील प्रत तिने गावच्या वाचनालयात नेऊन दिली. ग्रंथपालांनी तिला नोंदणी क्रमांक दिला, याचे तिला पुष्पवृष्टीहून अधिक अप्रूप वाटले.

काळ्या दगडाच्या त्या देखण्या विहिरीच्या जागी आता आमच्या मळ्यातली ओबडधोबड विहीर आहे. तिच्या काठावर माझी चप्पलही छायाचित्रात आली आहे. काढून टाक म्हटले तर ऐकत नाही.

परवा तिचा फोन आला. “आबा, पंधरवडा झाला. माप घेतलंत का?” घेतले नव्हते. गुडघा दुखत होता. संध्याकाळी दोरी घेऊन गेलो.