पुडकं दुसऱ्याचं, पुरावा तुमचा!

समजा, ओळखीच्या दादाने सांगितलं, ‘झवेरी बाजारातून एवढं पुडकं जळगावला ने.’ गाडीत तपासणी झाली, आत परदेशी छापाची सोन्याची बिस्किटं. तुम्ही म्हणाल, ‘तस्करीचं आहे हे तुम्ही सिद्ध करा की!’ सिनेमात ठीक आहे. १९६२च्या सीमाशुल्क कायद्याचं कलम १२३ उलटं सांगतं. सोनं, घड्याळं किंवा सरकारने अधिसूचित केलेला माल तस्करीचा असल्याचं मानायला रास्त कारण असेल आणि तो जप्त झाला, तर तो तस्करीचा नाही हे दाखवायचं तुम्ही, कारण सापडला तुमच्याकडे. दादाने मालकी सांगितली तर भार त्याच्यावरही. (सांगेल का, हा वेगळा प्रश्न!)

एरवी पुरावा खात्याने द्यायचा. तिथेही गणितासारखी अचूकता लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७४च्या भूरमल खटल्यात म्हटलंय. माल कुठून आला हे बाळगणाऱ्यालाच ठाऊक असतं, हा युक्तिवाद पटतो. सोनं तर वितळवलं की छापही जातो. पण आजीच्या पाटल्यांचं पक्कं बिल कुणाच्या घरी असतं हो? म्हणून ‘रास्त कारण’ हे दोन शब्द महत्त्वाचे. नुसता संशय पुरत नाही; जप्तीच्या वेळी अधिकाऱ्यापुढे काय होतं, हे कोर्टात विचारता येतं.