पहिली पदवी इथे, दुसरी तिथे

गेल्या आषाढात अकोल्याकडच्या एका खेड्यातून आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्याचे वडील माझ्याकडे अमरावतीला आले. हातातल्या कापडी पिशवीत मुलाची बारावीची गुणपत्रिका, परदेशातील एका विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक आणि चार एकरांचा सातबारा. "जय भीम, सर," म्हणून बसले आणि थेट मुद्द्यावर आले : "पोराले इंजिनेर कराले बाहेरदेशी धाडाचं हाय. एजंट म्हनते सीट पक्की हाय. वावर ब्यांकेत ठिवतो. तुमी निस्तं हो म्हना." मी हो म्हटले नाही. का म्हटले नाही, ते येथे लिहितो. कारण अशी पिशवी घेऊन येणारे ते एकटे नव्हते.

मुलांनी परदेशी जाऊ नये, असे माझे मत मुळीच नाही. आपल्या घराघरांत ज्यांची तसबीर आहे, त्या बाबासाहेबांनीच ही वाट दाखवली. परंतु ते कोणत्या टप्प्यावर गेले, याकडे आपले लक्ष जात नाही. मुंबई विद्यापीठाची बी. ए. पदवी हाती आल्यावर, 1913 साली, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेही सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर आणि बडोदा संस्थानाची दहा वर्षे सेवा करण्याच्या करारावर. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना 1917 साली परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांचे साहाय्य मिळाले, तेव्हा 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. एवढ्या बुद्धिमत्तेच्या माणसाचेही शिक्षण पैशापाशी अडले होते.

आता आजची स्थिती पाहू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या दरवर्षी 75 जागा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या 125. या दोन्ही योजना पदव्युत्तर पदवी आणि पीएच. डी. यांसाठी आहेत. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीला त्यांतून एक रुपयाही मिळत नाही. त्या गृहस्थांना हे कोणी सांगितले नव्हते. एजंटाने तर नाहीच. प्रवेशामागे विद्यापीठाकडून दलाली घेणारा मनुष्य ते कशाला सांगेल?

याउलट पहिली पदवी इथे घेतली, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून उभे आहे. तिथे शिकणाऱ्या मुलाच्या बापाला सातबारा घराबाहेर काढावा लागत नाही.

कर्जाचा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागतात. कोरडवाहू चार एकर म्हणजे कपाशी आणि सोयाबीन. पाऊस आणि भाव दोन्ही साधले तर घर चालते. कर्ज रुपयांत घ्यायचे आणि शुल्क डॉलरांत भरायचे. रुपया घसरला की पुढच्या वर्षीचे शुल्क आपोआप वाढते. शिवाय "शिकता शिकता नोकरी लागेल, मग फेडू" हा सारा डोलारा परक्या सरकारच्या नियमावर उभा असतो. ब्रिटनने शिक्षणानंतर काम करण्याची सवलत 2012 साली बंद केली आणि 2021 साली नव्या रूपात सुरू केली. मधल्या नऊ वर्षांत तिथे गेलेल्यांच्या घरचे हिशेब कसे जुळले असतील, हे ज्याचे त्याने समजून घ्यावे. जर्मनीत बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत, हे खरे. पण तिथली पहिली पदवी बहुतांशी जर्मन भाषेत असते आणि केवळ बारावीवर सहसा थेट प्रवेशही मिळत नाही.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. त्या मुलानेच तो नंतर दूरध्वनीवर मांडला : "सर, इथं पहिल्या दिवशी आडनाव विचारतात, दुसऱ्या दिवशी सीईटीचे गुण. तिथं कोणी विचारणार नाही." माझ्याकडे याला सोपे उत्तर नव्हते. मीही त्या प्रश्नांतून गेलो आहे, आणि चार वर्षे सोसणे म्हणजे काय, हे विसरलेलो नाही. मी त्याला इतकेच म्हटले की आडनावापासून सुटण्यासाठी वडिलांचे वावर गहाण पडत असेल, तर निदान दोन्ही गोष्टी तराजूत ठेवून बघ. ज्या घरी ऐपत आहे, त्यांनी बारावीनंतर खुशाल पाठवावे. माझे म्हणणे चार एकरवाल्यांसाठी आहे.

इथली पदवी तिथे चालते का, असे नेहमी विचारले जाते. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 पासून पूर्ण सदस्य आहे. मात्र त्याचा लाभ राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने, म्हणजे एनबीएने, विशिष्ट श्रेणीत मान्यता दिलेल्या अभ्यासक्रमांनाच मिळतो. म्हणून प्रवेश घेताना महाविद्यालयाची इमारत पाहू नका. तुमच्या शाखेला ती मान्यता आहे का आणि ती कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे विचारा. आणि परदेशाची तयारी शेवटच्या वर्षासाठी ठेवू नका. पारपत्र, जातवैधता, भाषा, एखादा मनापासून केलेला प्रकल्प, ओळखणारे दोन प्राध्यापक, हे सारे दुसऱ्या वर्षापासून जमवावे लागते. शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाचे विनाअट प्रवेशपत्र हाती लागते आणि तिथे जागतिक क्रमवारीही पाहिली जाते, म्हणजे गुणांना पर्याय नाही.

तो मुलगा सध्या अमरावतीत यंत्र अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला आहे आणि रविवारी जर्मन शिकतो. वडील दिवाळीनंतर येऊन गेले. या वेळी पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा होत्या. सातबारा पेटीत ठेवला आहे, असे त्यांनी विचारल्याशिवायच सांगितले. ज्या पालकांच्या मनात असाच विचार घोळत असेल, त्यांनी फॉर्मवर सही करण्याआधी एकदा भेटावे. येताना मुलाला सोबत आणावे, आणि एजंटाला नको.