द्वेष वेगळा, शोषण वेगळं

"पुरुषद्वेष हेसुद्धा शोषणच आहे," असं हल्ली बरेच जण ठासून सांगतात. आमच्या नातेवाईकांतही या मताचे लोक आहेत (आणि ते हे वाचणार, हे माहीत असूनच लिहितोय).

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. पुरुषद्वेष असतो, आणि तो वाईटच. "पुरुष मेले सगळे सारखेच" हे "बायकांची अक्कल चुलीपुरती" इतकंच उथळ विधान आहे. पण द्वेष मनात असतो. त्याचं शोषण व्हायचं तर पाठीशी कायदा, पैसा आणि रूढी यांचं बळ लागतं.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. निमित्त होतं सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्याचं. नवजात मूल मारल्याबद्दल तिला फाशीची शिक्षा सुनावली गेली (ती पुढे कमी झाली). ताराबाईंनी समस्त पुरुषजातीवर असे काही आसूड ओढलेत की आजही झोंबतात. याला खुशाल पुरुषद्वेष म्हणा. पण त्या पुस्तकामुळे एखाद्या पुरुषाची इस्टेट गेली? कोणाला घराबाहेर काढलं? उलट त्या विधवेला फाशी सुनवायला कोणाच्या मनात द्वेष असायचीही गरज नव्हती. व्यवस्था आपली शांतपणे चालू होती.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "आणि कायदे? ते तर पुरुषांच्याच विरोधात आहेत!" ठीक आहे, कायदे बघू.

भारतीय दंड विधानाच्या कलम ४९७ नुसार व्यभिचाराची शिक्षा फक्त पुरुषाला होती. हा पुरुषांवर अन्याय आहे, असं म्हणत मुंबई राज्यातला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५४ साली फेटाळला गेला. अन्याय होता का? होताच. पण तो बायकांच्या द्वेषातून आला होता का? त्या कलमात नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच घडत नव्हता. तक्रारीचा हक्क नवऱ्याला. नवरा बाहेरख्याली निघाला तर बायकोला मात्र काहीच करता येत नव्हतं. म्हणजे बायको ही नवऱ्याची मालमत्ता आणि दुसरा पुरुष चोर! २०१८ साली हे कलम रद्द झालं ते स्त्री ही कोणाची मालमत्ता नाही, हे मान्य करूनच. पुरुषाची सुटका केली ती स्त्रीच्या समानतेनं. हे जरा सावकाश वाचा.

आता ४९८अ (२०२४ पासून न्याय संहितेतलं कलम ८५). खोट्या तक्रारी होतात, माणसं होरपळतात. मान्य. म्हणूनच २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरसकट अटक करू नका, असं पोलिसांना बजावलं. खोटी तक्रार हा अन्यायच, आणि त्याची दाद मिळायलाच हवी. पण हे कलम "नवरा किंवा त्याचे नातेवाईक" म्हणतं. त्यात सासू आणि नणंदही आल्या. त्याला पुरुषजातीविरुद्धचा कायदा कसं म्हणायचं?

आणि पुरुषांचं दुःख? ते खोटं नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. आकडा वाचून पोटात गोळा येतो. पण "मर्दासारखा मर्द असून रडतोस काय?" हे कोण शिकवतं? कमवत नसेल तर मुलाची किंमत शून्य, हे कोण ठरवतं? स्त्रीमुक्तीवाल्या? अहो, त्या तर हेच मोडायला निघाल्यात! बाईला चुलीशी बांधणारा दोरच पुरुषाच्या गळ्यात "कर्ता" म्हणून अडकवलाय.

याला पुरुषद्वेषाचं शोषण म्हटलं की आपण चुकीच्या दारावर धडका मारत बसतो. खरा दोषी आत आरामात!

माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. बाईच्या मारहाणीचा विषय निघाला की ज्यांना पुरुषांची कणव येते, त्यांनी आपल्या नोकरी गेलेल्या भावाची, नापास झालेल्या मुलाची एरवी कधी विचारपूस केली आहे का?

केली नसेल, तर आज फोन करा. माझ्याशी भांडायला उद्या या. :)