कच्चा पाठ, पक्का पाठ : एका संकलनाविषयी श्रोत्यांची मते



समीक्षेच्या अभ्यासात 'आस्वाद', 'अभिप्राय' आणि 'मूल्यमापन' या तीन संज्ञा तुम्हांला एकापाठोपाठ भेटतात. त्यांच्या व्याख्या पाठ होतात, उत्तरपत्रिकेत उतरतातही. परंतु आपण स्वतः एखाद्या कलाकृतीविषयी बोलू लागलो, की तिन्हींची सरमिसळ होते. हे एखाद्या कादंबरीच्या किंवा कवितेच्या आधारे दाखवता आले असते. मात्र अभ्यासक्रमातील कृतीविषयी बोलताना मार्गदर्शक पुस्तकांतील वाक्ये आपल्या ओठांवर आधीच येऊन बसलेली असतात. म्हणून येथे मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो. ते संगीताचे आहे, परदेशातील आहे, आणि त्याविषयी परीक्षेत प्रश्न येणार नाही. त्यामुळे त्याच्याकडे मोकळ्या मनाने पाहता येईल.

उदाहरण आहे इंग्लंडमधील 'द स्मिथ्स' या वाद्यवृंदाच्या 'हॅटफुल ऑफ हॉलो' या अल्बमचे, आणि त्याविषयी श्रोते जी मते देत आले आहेत त्यांचे.

संकलनाची घडण

'द स्मिथ्स' हा वाद्यवृंद 1982 मध्ये मँचेस्टर येथे स्थापन झाला. मॉरिसी हे गायक व गीतकार, जॉनी मार हे गिटारवादक व संगीतकार, अँडी रूर्क हे बेस गिटारवादक आणि माइक जॉयस हे ड्रमवादक. मोठ्या व्यापारी कंपन्यांच्या बाहेर राहून 'रफ ट्रेड' या स्वतंत्र कंपनीमार्फत त्यांनी आपली गीते प्रकाशित केली. पुढे ज्या प्रवाहाला 'अल्टरनेटिव्ह रॉक' हे नाव रूढ झाले, त्याच्या आरंभीच्या महत्त्वाच्या वाद्यवृंदांत त्यांची गणना होते. 1987 मध्ये हा वाद्यवृंद विसर्जित झाला.

त्यांचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1984 मध्ये आला. तो सहज सिद्ध झाला नव्हता. ट्रॉय टेट यांच्या निर्मितीखाली झालेले ध्वनिमुद्रण बाजूला ठेवण्यात आले आणि जॉन पोर्टर यांच्याकडे सर्व काम नव्याने झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'हॅटफुल ऑफ हॉलो' प्रकाशित झाला. यात एकूण 16 गीते आहेत. त्यांपैकी 10 गीते मे ते सप्टेंबर 1983 या काळात बी.बी.सी.च्या 'रेडिओ वन'वरील जॉन पील आणि डेव्हिड जेन्सन यांच्या कार्यक्रमांसाठी ध्वनिमुद्रित झाली होती. उरलेली 6 गीते सुट्या तबकड्यांवरील, म्हणजे 'सिंगल'च्या पुढील व मागील बाजूंवरील होती.

रेडिओसाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रण का होत असे, हेही येथे लक्षात घ्यावे. विक्रीसाठी काढलेल्या तबकड्या दिवसाकाठी किती वेळ वाजवायच्या, यावर त्या काळी बी.बी.सी.ला कराराने मर्यादा होती. उरलेला वेळ भरण्यासाठी वाद्यवृंदांना स्टुडिओत बोलावून गीते नव्याने मुद्रित केली जात. सामान्यतः एका दिवसात चार गीते वाजवायची आणि त्याच दिवशी त्यांचे ध्वनिमिश्रणही पूर्ण करायचे, अशी रीत होती. एका प्रशासकीय बंधनातून गीतांचे हे दुसरे पाठ जन्माला आले. कलेच्या इतिहासात अशी अनपेक्षित अपत्ये पुष्कळ सापडतात.

परिणाम असा झाला, की पहिल्या अल्बमवरील पाच गीते या संकलनातही आहेत, पण वेगळ्या रूपात. एकच गीत, तेच कलावंत, अंतर काही महिन्यांचे, आणि पाठ दोन. समीक्षेच्या विद्यार्थ्याला याहून सोयीची प्रयोगशाळा क्वचितच मिळेल.

श्रोत्यांचे दोन पक्ष

गेली चाळीस वर्षे या संकलनाविषयी श्रोत्यांमध्ये ढोबळमानाने दोन मते आढळतात. पहिला पक्ष म्हणतो, की रेडिओवरील पाठ अधिक सरस आहेत. पहिल्या अल्बमचे ध्वनिमुद्रण सपाट आणि निर्जीव आहे, तर संकलनात वाद्यवृंद 'कच्चा', 'जिवंत', 'प्रामाणिक' ऐकू येतो. या पक्षातील अनेकांना हे संकलनच वाद्यवृंदाचा खरा पहिला अल्बम वाटते. दुसरा पक्ष म्हणतो, की संकलन हे अखेर संकलनच. त्यात एकसंध रचना नाही. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या खोल्यांत मुद्रित झालेल्या गीतांची ती मोट आहे. 'हाऊ सून इज नाऊ?' हे थरांवर थर चढवून स्टुडिओत घडवलेले दीर्घ गीत रेडिओच्या साध्या पाठांशेजारी ठेवले, की हा विजोडपणा उघड होतो.

माझे मत थोडक्यात असे आहे : पहिल्या पक्षाचा कान बरोबर आहे, परंतु त्याने दिलेले कारण चुकीचे आहे. दुसऱ्या पक्षाचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. आता ही दोन्ही विधाने तपासून पाहू.

'कच्चे' या विशेषणाचे ओझे

'कच्चा' हा शब्द आपल्या भाषेत काय काय करतो ते पाहा. कच्चा रस्ता, कच्चा हिशेब, कच्चा खर्डा, गणितात कच्चा मुलगा. या सर्व ठिकाणी 'अजून पुरे न झालेले' हा अर्थ आहे आणि त्यात उणेपणाची छटा आहे. मराठीत 'हे गाणे कच्चे आहे' असे म्हटले, तर गायकाला ती स्तुती वाटणार नाही. इंग्रजी संगीतसमीक्षेत मात्र याच अर्थाचे विशेषण गौरवाचे झाले आहे. शिजवण्याच्या क्रियेवरून आलेले रूपक दोन्हीकडे एकच आहे. मूल्य मात्र उलटे झाले आहे. तेथे 'शिजवणे' म्हणजे मूळ सत्त्व घालवणे, असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक तपासले, तर ते या उदाहरणात टिकत नाही. बी.बी.सी.चे स्टुडिओ काही घराची माळवदे नव्हती. तेथे अनुभवी तंत्रज्ञ होते, उत्तम यंत्रसामग्री होती. कमी होता तो वेळ. तेव्हा 'कच्चे' या विशेषणाने आपण ज्याचे वर्णन करतो, तो कलेचा अभाव नसून एका वेगळ्या मर्यादेत घेतलेला कलात्मक निर्णय असतो.

प्रत्यक्ष पुरावा पाहू. 'बॅक टू द ओल्ड हाउस' हे गीत सुट्या तबकडीच्या मागील बाजूवर संपूर्ण वाद्यवृंदासह आहे. रेडिओच्या पाठात ते अकूस्टिक गिटारच्या साथीने गायिले आहे. 'स्टिल इल'च्या रेडिओवरील पाठात हार्मोनिकाची जोड आहे, अल्बमवरील पाठात ती नाही. 'रील अराउंड द फाउंटन'च्या अल्बमवरील पाठात पॉल कॅरॅक यांनी वाजवलेली कळवाद्ये आहेत. रेडिओच्या पाठात ती नाहीत. म्हणजे एका ठिकाणी रेडिओच्या पाठाने वाद्ये कमी केली, दुसऱ्या ठिकाणी वाढवली. ज्याने 'रेडिओचे पाठ कच्चे म्हणून चांगले' असे म्हटले, त्याने हार्मोनिकाची भर कोणत्या रकान्यात मांडावी? आणि 'धिस नाइट हॅज ओपन्ड माय आइज' या गीताचा तर रेडिओवरील पाठच श्रोत्यांच्या हाती आला. तेथे तुलनेला दुसरा पाठ नाही. तरीही ते गीत श्रोत्यांना आवडते. त्या आवडीला 'पक्क्यापेक्षा कच्चे बरे' हे कारण देता येत नाही.

श्रोत्याने काय म्हणायला हवे होते? 'घर सोडल्याच्या हुरहुरीचे हे गीत एका गिटारच्या साथीने अधिक एकाकी वाटते, म्हणून मला रेडिओचा पाठ अधिक अर्थवाही वाटतो.' हे वाक्य तपासता येते. दुसरा श्रोता तेच गीत ऐकून सहमत होऊ शकतो किंवा सकारण असहमत होऊ शकतो. 'हे अधिक प्रामाणिक आहे' हे वाक्य असे तपासता येत नाही. प्रामाणिकपणा हा माणसाच्या वर्तनाचा गुण आहे. तो ध्वनीला चिकटवला, की चर्चा तेथेच थांबते. समोरचा असहमत झाला, तर तो जणू अप्रामाणिकाची बाजू घेतो.

'सुरुवातीचे' कोणासाठी?

दुसरा शब्द आहे 'सुरुवातीचे'. आज या अल्बमचे वर्णन 'वाद्यवृंदाच्या सुरुवातीच्या काळातील गीतांचे संकलन' असे केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण ते 1987 नंतरच्या माणसाचे वर्णन आहे. नोव्हेंबर 1984 मध्ये ज्याने ही तबकडी विकत घेतली, त्याच्यासाठी ही गीते 'सुरुवातीची' नव्हती. ती चालू होती. पुढे आणखी किती अल्बम येणार, हे त्याला ठाऊक नव्हते. 'सुरुवात' हा शब्द वापरण्यासाठी शेवट माहीत असावा लागतो.

भाषाविज्ञानात याला पूर्वगृहीत म्हणतात. वाक्यात उघड न सांगितलेली, पण वाक्य अर्थपूर्ण होण्यासाठी मान्य करावी लागणारी गोष्ट. आजचा श्रोता जेव्हा या गीतांत 'पुढील मोठेपणाची चाहूल' ऐकतो, तेव्हा ती चाहूल गीतात असते की श्रोत्याच्या माहितीत, हे वेगळे करणे अवघड असते. एखाद्या कवीचा पहिला संग्रह वाचताना आपणही हेच करतो. 'यात पुढील कवीची बीजे दिसतात' हे वाक्य प्रत्येक पहिल्या संग्रहाविषयी लिहिता येते आणि म्हणूनच ते फारसे काही सांगत नाही. त्याच कवीने पुढे लिहिलेच नसते, तर आपण ती बीजे पाहिली असती का, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

संकलन ही कलाकृती आहे का?

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. संकलनात एकसंधपणा नाही, हे निरीक्षण मान्य. परंतु मांडणी नाही, असे म्हणता येणार नाही. ही गीते कालक्रमाने लावलेली नाहीत. अल्बमचा आरंभ होतो ऑगस्ट 1984 मधील 'विल्यम, इट वॉज रिअली नथिंग' या गीताने, आणि शेवट होतो त्याच तबकडीच्या मागील बाजूवरील 'प्लीज, प्लीज, प्लीज, लेट मी गेट व्हॉट आय वॉन्ट' या लहानशा गीताने. 'हाऊ सून इज नाऊ?' हेही त्याच तबकडीच्या बारा इंची आवृत्तीवर होते. म्हणजे सर्वांत नवी गीते दोन टोकांना आणि वाटेत, आणि 1983 ची गीते त्यांच्या मधल्या जागांत. जो श्रोता हा अल्बम आरंभापासून शेवटपर्यंत ऐकतो, त्याला एक प्रवास ऐकू येतो. तो कोणीतरी आखलेला आहे. निवड आणि क्रम हीही रचनाच असते. कथासंग्रह आणि कवितासंग्रह वाचणाऱ्यांना हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

येथे आपल्या परंपरेतील एक गोष्ट आठवते. संत एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. लेखनिकांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून मूळ पाठाकडे जाणे हे त्यांचे कार्य होते. तेथे एक मूळ आहे आणि त्यावर साचलेला मळ आहे, हे गृहीत योग्यच होते. 'हॅटफुल ऑफ हॉलो'च्या बाबतीत मात्र दोन्ही पाठ खुद्द कर्त्यांचेच आहेत. यांतील कोणताही अपपाठ नाही. म्हणून 'खरा पाठ कोणता?' हा प्रश्न येथे लागू पडत नाही. 'कोणता पाठ काय साधतो?' हा प्रश्न लागू पडतो. प्रश्न चुकीचा निवडला, की चांगल्या कानाचा श्रोताही चुकीचे कारण देतो.

तुमच्या मताचे काय?

हे सर्व तुम्हांला का सांगावे? तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती, घरसंसार सांभाळून शिकत आहेत. स्वाध्याय लिहिताना 'माझ्या मताला काय किंमत?' असे वाटून तुम्ही नामवंत समीक्षकाचे वाक्य उतरवता. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासताना मला सर्वाधिक खटकते ते हेच. चुकीच्या मतावर चर्चा करता येते. उसन्या मतावर काहीच करता येत नाही.

या अल्बमविषयीची मते मुख्यतः सामान्य श्रोत्यांनी घडवली. त्यांच्याकडे संगीताच्या पदव्या नव्हत्या. तरीही रेडिओच्या पाठांत काहीतरी मोलाचे आहे हे त्यांच्या कानाने ओळखले, आणि त्या पसंतीमुळेच या संकलनाला आजचे स्थान मिळाले. आवड ओळखण्यासाठी पदवी लागत नाही. अभ्यास लागतो तो त्या आवडीचे कारण शोधण्यासाठी आणि ते दुसऱ्याला तपासता येईल अशा शब्दांत मांडण्यासाठी. हा अभ्यासक्रम तुम्हांला देऊ पाहतो ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

तेव्हा पुढील स्वाध्याय लिहिताना तीन गोष्टी करून पाहा. प्रथम 'मला हे आवडले' किंवा 'आवडले नाही' असे निःसंकोच लिहा. हा आस्वाद झाला. नंतर कृतीतील नेमकी जागा दाखवा : कोणती ओळ, कोणता प्रसंग, कोणती प्रतिमा, हा अभिप्राय झाला. शेवटी त्या जागेने काय साधले आणि तेच दुसऱ्या रीतीने साधले असते का, याचा विचार मांडा. हे मूल्यमापन झाले. आणि लिहून झाल्यावर आपली विशेषणे एकेक करून पुसून पाहा. 'जिवंत', 'प्रामाणिक', 'अस्सल', 'हृदयस्पर्शी' हे शब्द काढल्यावरही परिच्छेदात काही उरत असेल, तर ते मत तुमचे आहे. ते परीक्षकाच्या मताशी जुळले नाही, तरी त्याला पूर्ण गुण मिळण्याचा अधिकार आहे.