छावणीतला ‘मुसलमान’ आणि एक बाप-लेक

औशवित्झच्या छळछावणीत उपासमारीने आणि कामाने पार संपलेल्या कैद्याला बाकीचे कैदी एका नावाने ओळखत. डोळ्यांत काही उरलेले नाही, मारले तरी तोंडासमोर हात धरत नाही, रांगेत उभा आहे पण आज-उद्या जाणार हे सगळ्यांना ठाऊक आहे, असा माणूस. त्याला म्हणत ‘मुझेलमान’. म्हणजे मुसलमान. आणि तो बहुतेक वेळा ज्यू असे.

हे नाव का पडले याची दोन स्पष्टीकरणे सांगितली जातात. गुडघ्यांत मोडून पुढेमागे झुलणारे ते शरीर लांबून नमाज पढणाऱ्यासारखे दिसे, हे एक. मुसलमान नशिबापुढे मान तुकवतो ही युरोपातली जुनी समजूत, हे दुसरे. कारण काहीही असो, ज्यांनी आयुष्यात एकही मुसलमान जवळून पाहिला नसेल अशा माणसांनी मरणाच्या दारातल्या माणसाला आपले नाव दिले. इटलीचा रसायनतज्ज्ञ प्रिमो लेव्ही स्वतः त्या छावणीत होता. १९४७ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात या लोकांबद्दल लिहिले आहे. आपल्यातल्या काहींना हा शब्द कळला की राग येतो, आणि राग येणे गैर नाही. पण त्या शब्दाचे छावणीतले काम पाहा. ज्याच्याकडे बघताना ‘उद्या मीही असाच’ ही भीती वाटे, त्याला परक्या जमातीचे नाव देऊन लांब ढकलायचे. हा खेळ आपल्याला नवा नाही.

या शब्दाशेजारी ठेवून मी एका बाप-लेकाची हकिगत वाचली. तीच इथे सांगते.

गुस्ताव क्लाइनमान १८९१ साली जन्मला. व्हिएन्नातल्या लिओपोल्डस्टाट या ज्यूबहुल भागात खुर्च्या-कोचांचे गादीकाम करायचा. आपल्याकडे नदाफ किंवा पिंजारी म्हणतात, त्यांच्या जवळचा धंदा. हातावर पोट. बायको टिनी, चार मुले. पहिल्या महायुद्धात तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात लढला, जखमी झाला, शौर्याबद्दल रौप्यपदक मिळाले. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि त्याच दिवसांत व्हिएन्नाच्या रस्त्यांवर ज्यूंना गुडघ्यांवर बसवून ब्रशने फरशा घासायला लावले गेले. गुस्ताव आणि टिनीही त्यात होते. भोवती जमलेली गर्दी बर्लिनहून आलेली नव्हती. गल्लीतलीच माणसे होती, आणि हसत होती.

त्या पदकापाशी मी बराच वेळ थांबले. आपल्या घराघरांत अलीकडे एक सवय वाढली आहे. आजोबा स्वातंत्र्यलढ्यात होते, काका सैन्यात होते, हे सांगणारे कागद आणि फोटो आपण जपून ठेवतो आणि कोणी बोट दाखवले की पुढे करतो. अभिमान वाटावा असेच ते आहे. पण सुटकेचा परवाना म्हणून ते पुढे करण्यात अर्थ नाही. गुस्तावकडे निष्ठेचा त्याहून पक्का पुरावा काय असू शकत होता? त्याच्याकडे पुरावा मागायला कोणी आलेच नव्हते.

बाहेर पडायचे मार्ग होते, पण नावापुरते. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ इथे ३२ देश निर्वासित ज्यूंचा विचार करायला जमले. सहानुभूती भरपूर व्यक्त झाली, दारे मात्र जवळजवळ कोणीच उघडली नाहीत. मोठी मुलगी इंग्लंडला जाऊ शकली. लहानगा कुर्ट १९४१ मध्ये एकटाच अमेरिकेला पोहोचला. टिनी बाकीच्यांसाठी अर्ज करत राहिली.

सप्टेंबर १९३९ मध्ये गुस्ताव आणि सोळा वर्षांचा फ्रिट्झ पकडले गेले आणि ऑक्टोबरमध्ये बुखेनवाल्डला पोहोचले. बापाला दगडखाणीत जुंपले. पुढे दगडा-मातीच्या गाड्या ओढणाऱ्या टोळीत. माणसांनाच घोडे केले होते आणि वर गाणी म्हणायला लावत. मुलाला एका कम्युनिस्ट कैद्याने, रॉबर्ट झीवर्टने, गवंडीकाम शिकवले. झीवर्टचा हिशेब साधा होता: ज्याच्या हाताला कसब आहे त्याला मारून टाकणे अधिकाऱ्यांना परवडत नाही. त्याने ज्यू पोरांना विटा रचायला शिकवले आणि त्यातली काही त्यामुळे वाचली. छावणीतल्या संघटित प्रतिकाराचे इतके अस्सल उदाहरण मला दुसरे आठवत नाही. बाप मात्र एक छोटी वही लपवून ठेवायचा आणि अधूनमधून दोन-चार ओळी लिहायचा. सापडली असती तर जीव गेला असता.

जून १९४२ मध्ये टिनी आणि मुलगी हेर्टा यांना व्हिएन्नाहून गाडीत घालून मिन्स्कजवळ माली त्रोस्तेनेत्सला नेले आणि तिथे ठार केले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बुखेनवाल्डमधून औशवित्झला पाठवायच्या सुमारे ४०० ज्यूंची यादी निघाली. त्यात गुस्ताव होता. फ्रिट्झ नव्हता, गवंडी म्हणून तो उपयोगाचा होता. औशवित्झ म्हणजे काय याची कुणकुण कैद्यांना लागलेली होती. अनुभवी कैद्यांनी त्याला समजावले की जगायचे असेल तर बापाला विसर. त्यांना त्याचे भलेच हवे होते. फ्रिट्झने मागे लागून आपले नाव यादीत घालून घेतले.

ही गोष्ट इथेच थांबवून सांगितली जाते तेव्हा मला ती अपुरी वाटते. ‘आदर्श मुलगा’ म्हणून टाळ्या वाजवल्या की छावणी विसरली जाते. म्हणून एली वीझेलचे नाव इथे घ्यायला हवे. तोही आपल्या बापाबरोबर, श्लोमोबरोबर, १९४४ मध्ये औशवित्झला आणला गेला, आणि दोघे मोनोवित्झ या त्याच उपछावणीत होते जिथे क्लाइनमान बाप-लेक आधीपासून राबत होते. लेव्हीही तिथलाच. जानेवारी १९४५ मध्ये श्लोमो बुखेनवाल्डमध्ये मेला, सुटकेला जेमतेम अडीच महिने उरले असताना. वीझेलने ‘रात्र’ या पुस्तकात लिहिले की आजारी बापाचे ओझे आपल्यालाही नकोसे झाले होते, तो गेल्यावर मनात कुठेतरी सुटल्यासारखे वाटले होते. पुढे त्याला शांततेचे नोबेल मिळाले, पण हे लिहिण्याचे धैर्य मला नोबेलपेक्षा मोठे वाटते. दोन्ही मुलगे खरे आहेत. फ्रिट्झ चांगला आणि एली कमी चांगला, असे म्हणायचा अधिकार पोटभर जेवून वाचणाऱ्या आपल्याला नाही. मुलाच्या मनात बापाचे मरण हा सुटकेचा विचार म्हणून यावा, इथवर माणसाला आणणारी ती व्यवस्था होती.

मोनोवित्झमध्ये ई. गे. फार्बेन या रसायन कंपनीचा कारखाना उभा राहत होता. तिला स्वस्त मजूर हवे होते आणि एसएसकडे ते होते. तिथे फ्रिट्झ गुप्त प्रतिकाराच्या कामात ओढला गेला, पकडला गेला, त्याचे हाल केले गेले. साथीदारांनी तो मेल्याची नोंद करवून त्याला लपवले, आणि काही काळ बापाच्या लेखी मुलगा गेलेलाच होता. जानेवारी १९४५ मध्ये छावणी रिकामी करताना दोघांना बर्फातून चालवत नेऊन उघड्या मालगाडीत कोंबले. गाडी ऑस्ट्रियात शिरल्यावर बापाने मुलाला उडी मार म्हणून सांगितले. त्याच्या स्वतःच्या अंगात ताकद नव्हती. फ्रिट्झने उडी मारली, काही दिवसांत पुन्हा पकडला गेला आणि माउटहाउझेनला पोहोचला. बापाची गाडी त्याच माउटहाउझेनच्या दारातून जागा नाही म्हणून परत फिरवलेली होती. गुस्ताव एप्रिलमध्ये बेर्गेन-बेल्झेनला सुटला, फ्रिट्झ मे महिन्यात. १९४५ सालीच दोघे व्हिएन्नात भेटले.

आता आपल्याकडे. आमच्या अभ्यासवर्गात ही हकिगत सांगितली तेव्हा एक तरुण म्हणाला, ‘‘आपा, हे सगळं फुगवून सांगतात, गाझातलं झाकायला.’’ हुशार, वाचणारा मुलगा. मी त्याला विचारले, गाझातल्या बापाने ढिगाऱ्यातून मुलाला काढले हे खरे ठरायला व्हिएन्नातल्या बापाची गोष्ट खोटी ठरावी लागते का? तो गप्प बसला. पटले असेलच असे नाही. शोआच्या नावाने इस्रायलचे राज्यकर्ते आज जे खपवतात त्याचा निषेध मी करते, लिहून करते. पण तो निषेध करताना टिनी आणि हेर्टाला पुन्हा एकदा नाहीसे करण्याची गरज नाही. आणि जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी नोव्हेंबर १९४१ मध्ये बर्लिनमध्ये हिटलरला जाऊन भेटले, हेही आपणच आपल्या मुलांना सांगितले पाहिजे. त्याच युद्धात अल्बानियातल्या मुस्लिम कुटुंबांनी आपल्या घरांत ज्यूंना पाहुणे म्हणून लपवले, ते सांगताना तर हे सांगावेच लागते. एक लपवून दुसरे मिरवता येत नाही.

कोकणातल्या शनवार तेल्यांच्या, म्हणजे बेने इस्रायलींच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेला आपला समाज आहे. तरी फुटपाथवर हिटलरचे आत्मचरित्र विकले जाते, त्याच्या ‘शिस्ती’चे कौतुक घराघरांत ऐकू येते. हिंदूंच्या घरांत येते तसे आपल्याही. ज्या माणसाची शिस्त आपल्याला आवडते, त्याच्या शिस्तीत यादी कशी बनते, त्या यादीत शेजारी नाव कसे देतो, हे क्लाइनमानांच्या घरात उतरून बघावे.

गुस्तावची वही आणि फ्रिट्झच्या आठवणी १९९५ साली एकत्र पुस्तकात आल्या. दोघांपैकी कोणी नव्या देशात गेले नाही. गुस्ताव पुन्हा व्हिएन्नातच राहिला आणि १९७६ मध्ये तिथेच वारला. फ्रिट्झ २००९ पर्यंत जगला. १९३८ साली रस्त्यावर उभे राहून हसलेल्यांपैकी काही तरी त्यांना भाजीबाजारात, ट्राममध्ये भेटतच असणार. ते एकमेकांना काय म्हणत असतील, नमस्कार होत असेल का, की नजर वळत असेल, आणि कोणाची आधी, हा प्रश्न मला त्या छावण्यांइतकाच छळतो.