माहेरचं पाणी, पण न सांगता आलेलं

आमच्या आजीचा एक विनोद घरात इतक्यांदा झालाय की तिने पहिला शब्द उच्चारला, की उरलेलं वाक्य आम्हीच पूर्ण करतो. आजी राहते सुरतेत, अडाजणला. माहेर भुसावळचं. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचं पाणी तिच्या तळमजल्यावरच्या घरात शिरलं, तेव्हा जिना चढता चढता ती आईला म्हणाली, "माहेरचं पाणी आलंय गं, पण मेलं न सांगता आलं!"

विनोद भूगोलाला धरून आहे. तापी मुलताईला उगम पावते, भुसावळवरून खानदेश ओलांडते आणि सुरतेपाशी समुद्राला मिळते. पोटापाण्यासाठी कितीतरी खानदेशी कुटुंबंही त्याच वाटेने सुरतेला आली.

त्या वर्षी राखीपौर्णिमा 9 ऑगस्टला होती. आई दोन वर्षांच्या मला घेऊन राखीसाठी माहेरी गेलेली. 7 तारखेपासून पाणी चढत गेलं आणि सुरतेचा बहुतेक भाग बुडाला. आमच्या लोकांनी वरच्या मजल्यावरच्या मासींकडे आसरा घेतला. गंमत म्हणजे, या मासींशी आजीचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण? त्यांच्या ओल्या कपड्यांचं पाणी आजीच्या पापडांवर ठिबकायचं! त्याच मासींनी तीन दिवस सात माणसांना खिचडी घातली. आईने मामाला राखी बांधली ती जुन्या साडीच्या काठाची. ओवाळायला निरांजन नव्हतं, म्हणून मेणबत्ती. मामा म्हणाला, "ओवाळणी पाण्यात गेली, पुढच्या वर्षी बघू."

ही माणसं हसत होती म्हणजे त्यांचं काही गेलं नव्हतं असं नाही. आजोबांची शिलाई मशीन गेली, लग्नाचे फोटो गेले. पूर ओसरला तेव्हा घरात ढोपरभर चिखल होता. आणि माणसं गेली, त्यावर आजी आजही विनोद करत नाही. तिला मर्यादा बरोबर कळते: आपल्या चिखलावर हसायचं, दुसऱ्याच्या नाही.

कृतज्ञतेचंही तसंच. "देवाची कृपा, वाचलो" असं म्हणताना माझ्या मनात येतं, मग जे वाचले नाहीत त्यांच्यावर कृपा नव्हती का? म्हणून मला वाटतं, आभार पत्ता लिहून मानावेत. मासींचे. दोरीला बांधून दुधाची पिशवी पाठवणाऱ्या समोरच्या बिल्डिंगवाल्यांचे. आणि सडलेला गाळ उपसणाऱ्या सफाई कामगारांचे. 1994 च्या प्लेगची धास्ती सुरतेच्या मनात अजून होती, त्यामुळे झाडूची किंमत त्या शहराला ठाऊक होती.

आता माझा मुद्दा. अशा आठवणींचं आपण फार लवकर 'स्पिरिट' करून टाकतो. मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर मुंबईच्या स्पिरिटचं कौतुक झालं, वर्षभराने सुरतेच्या. कौतुक गोड लागतं, पण त्याने प्रश्न बुजतात. सुरतेच्या वर सुमारे 100 किलोमीटरवर उकाई धरण आहे. तिथून सेकंदाला 9 लाख घनफुटांच्या आसपास पाणी सोडावं लागलं. धरण सिंचन-विजेसाठी भरलेलं हवं आणि पुरासाठी रिकामं हवं, ही ओढाताण खरी आहे. कोणीही खुर्चीत बसला तरी ती सोपी नाही. पण मुसळधार पावसाआधी धरणात किती जागा ठेवायची, आणि खालच्या माणसाला किती तास आधी सांगायचं, हे विचारणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे.

आजीच्या विनोदात हाच प्रश्न आहे, बघा. आपण हसतो 'माहेरचं पाणी' यावर. तिचं बोट असतं 'न सांगता' यावर.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुणी पूरग्रस्त हसला तर जरूर सोबत हसा. फक्त त्याचं हसू ही त्याने दिलेली पावती आहे, असं कोणाला समजू देऊ नका.

मासी आणि आजी आता पापड एकत्र लाटतात. आणि आजी पावसाळ्यात पेपर उघडला की आधी उकाईची पातळी बघते, मग राशिभविष्य.